आरोग्य विम्याचा चढता हप्ता आणि नोकरदार कुटुंब

फरिदाबाद, तिरुपूर किंवा सुरत यांसारख्या औद्योगिक शहरातील एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्यवेक्षकाचे उदाहरण घेऊ. त्याचे वेतन दरमहा २०,८०० रुपये आहे. घरात पत्नी, दोन मुले आणि साठी ओलांडलेले आई-वडील आहेत. जुलै महिन्यात त्याला एक हजार रुपयांची वेतनवाढ मिळते आणि वेतन २१,८०० रुपये होते. वेतनवाढीचे पत्र घरी आणताना त्याला बहुधा कल्पना नसते की, याच पत्राने त्याच्या सहा माणसांच्या कुटुंबाचा आरोग्य विमाही काढून घेतला आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये ठरली. ही मर्यादा ओलांडणारा कामगार, अंशदानाचा चालू कालावधी संपताच, योजनेच्या कक्षेबाहेर जातो.

बाहेर पडल्यावर त्याने काय गमावले, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. २०,८०० रुपयांच्या वेतनातून त्याचे पाऊण टक्का म्हणजे १५६ रुपये कापले जात होते आणि मालक सव्वातीन टक्क्यांप्रमाणे ६७६ रुपये भरत होता. दोन्ही मिळून महिन्याला ८३२ रुपये, म्हणजे वर्षाला दहा हजारांहून थोडे कमी. या रकमेत त्याला, त्याच्या पत्नी-मुलांना आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांना बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि रुग्णालयातील उपचार मिळत होते व त्या खर्चाला वरची मर्यादा नव्हती. आजारपणात बुडालेल्या दिवसांसाठी वेतनाच्या ७० टक्के भत्ता होता, तो वेगळाच. आता हेच कुटुंब खुल्या बाजारात पाच लाख रुपयांचे संरक्षण घ्यायला गेले, तर आई-वडिलांचे वय पाहता वार्षिक हप्ता त्याच्या एका महिन्याच्या वेतनाहून बहुधा अधिक भरेल. वर्षभराच्या वेतनवाढीचे बारा हजार रुपये त्यात जातील आणि शिवाय पदरचे घालावे लागतील. एवढे करूनही बाह्यरुग्ण उपचारांचा व रोजच्या औषधांचा खर्च सामान्यतः त्याच्याच खिशातून होईल.

नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा कुटुंबांना ‘मधला सुटलेला वर्ग’ या अर्थाचे नाव दिले. देशातील किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसे, आरोग्यविषयक आर्थिक संरक्षणापासून पूर्णपणे वंचित असल्याचा त्या अहवालाचा अंदाज होता. शासकीय योजनेचे लाभार्थी ठरण्याइतके हे लोक गरीब नाहीत आणि बाजारातील विमा सहज परवडावा इतके सुस्थितही नाहीत. लहान दुकानदार, स्वतःची रिक्षा चालविणारे, खासगी शाळेतील शिक्षक, छोट्या कार्यालयांतील लिपिक, वेतनमर्यादेच्या काठावरचे कामगार अशी ही मंडळी आहेत. विम्याच्या वाढत्या हप्त्याचा प्रश्न मुख्यतः यांचा आहे.

मेडिक्लेमचा चार दशकांचा प्रवास

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात आरोग्य विम्याची सुरुवात सामाजिक सुरक्षा म्हणून झाली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना १९५४ ची. या दोन्ही योजनांमागील तत्त्व साधे होते: ज्याने त्याने वेतनाच्या प्रमाणात द्यावे आणि आजाराच्या प्रमाणात घ्यावे. तरुण कामगाराकडून कमी आणि वयस्क कामगाराकडून जास्त, असा भेद तेथे नव्हता.

व्यापारी तत्त्वावरील आरोग्य विमा बऱ्याच उशिरा, १९८६ मध्ये, ‘मेडिक्लेम’ या नावाने आला. सर्वसाधारण विमा महामंडळाच्या तेव्हाच्या चार कंपन्या तो विकत असत आणि पुढे हे नाव इतके रुळले की, आजही अनेक घरांत कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला मेडिक्लेमच म्हटले जाते. १९९९ मध्ये विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा झाला, खासगी कंपन्यांना दार उघडले. पुढील काळात केवळ आरोग्य विम्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपन्याही आल्या.

या काळातील एक गोष्ट फारशी चर्चिली जात नाही, पण हप्त्याचा इतिहास समजून घेण्यासाठी ती महत्त्वाची आहे. २००७ पूर्वी आग, अभियांत्रिकी यांसारख्या विम्यांचे दर ठरवून दिलेले असत आणि त्यात कंपन्यांना चांगला नफा होई. एखाद्या मोठ्या उद्योगाचा आगीचा विमा मिळावा म्हणून त्याच उद्योगातील कर्मचाऱ्यांचा सामूहिक आरोग्य विमा तोट्यात दिला जाई. एका खिशातला तोटा दुसऱ्या खिशातून भरून निघत होता. १ जानेवारी २००७ पासून ते दर खुले झाले, स्पर्धेमुळे आगीच्या विम्यातील नफा आटला आणि आरोग्य विम्याला स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग पडले. जे कर्मचारी पूर्वीचा हप्ता आठवून आजच्या हप्त्याबद्दल हळहळतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, तो जुना हप्ता मुळात खरा नव्हता.

हप्ता ठरतो कसा

विम्याचे गणित तत्त्वतः सोपे आहे. हजार कुटुंबे मिळून एक निधी उभारतात, वर्षभरात त्यांपैकी काहींना रुग्णालयात जावे लागते आणि त्यांचा खर्च त्या निधीतून होतो. निधी पुरावा म्हणून सरासरी खर्चावर व्यवस्थापन, दलाली आणि नफा यांची भर घालून हप्ता काढला जातो. त्यामुळे हप्ता तीन कारणांनी वाढतो: आजारी पडणारे वाढले, उपचार महागले किंवा मधला खर्च वाढला. आपल्याकडे ही तिन्ही कारणे एकाच वेळी कार्यरत आहेत.

पहिले कारण निधीत कोण आहे याच्याशी निगडित आहे. विमा ऐच्छिक असला की, ज्याला आजाराची धास्ती आहे तो आधी येतो. धडधाकट तरुण ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून टाळतो. निधीत आजारी माणसांचे प्रमाण वाढले की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की उरलेसुरले निरोगी लोकही बाहेर पडतात आणि हप्ता आणखी चढतो. सक्तीच्या व वेतनावर आधारित योजनेत हा दोष उद्भवत नाही, कारण तेथे निवडीला वावच नसतो. वैयक्तिक विम्याच्या बाबतीत मात्र तो ठळकपणे दिसतो. २०२३-२४ मध्ये देशात आरोग्य विम्याचे संरक्षण असलेल्या सुमारे ५७ कोटी लोकांपैकी वैयक्तिक विमा घेणारे जेमतेम एक दशांश होते. उरलेले शासकीय योजनांत आणि सामूहिक विम्यात. परंतु एकूण हप्त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम या एक दशांश लोकांनी भरली. एकट्याने बाजारात जाणाऱ्याला विमा किती महाग पडतो, याचे याहून बोलके प्रमाण सापडणार नाही.

वयाचा भाग असा की, कंपन्या वयोगटांनुसार हप्ता आकारतात आणि एका गटातून पुढच्या गटात जाताच तो एकदम उडी घेतो. संपूर्ण कुटुंबाच्या एकत्रित ‘फॅमिली फ्लोटर’ विम्यात बहुतेक वेळा सर्वांत ज्येष्ठ सदस्याचे वय आधारभूत मानले जाते. पंचेचाळिशीच्या दांपत्याने सत्तरीच्या वडिलांना आपल्याच फ्लोटरमध्ये घेतले, तर साऱ्या कुटुंबाचा हप्ता सत्तरीच्या हिशेबाने ठरतो. वडिलांसाठी स्वतंत्र विमा घेतला तर अनेकदा एकूण खर्च कमी येतो, ही गोष्ट विमा विकणारा स्वतः होऊन सांगेलच असे नाही.

मधल्या खर्चाचा मुद्दा थोडा अप्रिय आहे, पण टाळता येणार नाही. प्राधिकरणाच्या नियमांनुसार सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांना ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम दलालीसह व्यवस्थापनावर खर्च करण्याची मुभा आहे. २०२३-२४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी आरोग्य विम्यात मिळालेल्या शंभर रुपयांमागे शंभरांहून अधिक रुपये दाव्यांपोटी खर्च केले, तर केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांचा हाच आकडा ६५ च्या आसपास होता. पहिला आकडा टिकाऊ नाही, कारण तोटा अखेर करदात्यांच्या माथी येतो. दुसऱ्या आकड्यातील ३५ रुपये रुग्णापर्यंत पोहोचतच नाहीत. या कंपन्यांकडे सामूहिक विमा थोडा आणि किरकोळ ग्राहक जास्त, त्यामुळे दलालीचा खर्चही जास्त, असे स्पष्टीकरण दिले जाते व ते अगदीच चुकीचे नाही. तरीही कर्मचारी राज्य विम्यासारख्या योजनेत विक्रीचा खर्चच नसतो, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

उपचारांची महागाई

सर्वांत मोठे कारण अर्थातच उपचारांचा खर्च. वैद्यकीय महागाईचे वेगवेगळ्या संस्थांचे अंदाज वेगवेगळे आहेत, परंतु ते बहुतेक दोन अंकी आहेत आणि सर्वसाधारण किरकोळ महागाईच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून वर जातात. वर्षाला १२ टक्के हा दर धरला, तर खर्च सहा वर्षांत जवळपास दुप्पट होतो. याचा अर्थ असा की, सहा वर्षांपूर्वी घेतलेला पाच लाखांचा विमा आज मूळच्या अडीच लाखांच्या योग्यतेचा उरतो. कुटुंब दरवर्षी अधिक हप्ता भरते आणि हाती येणारे संरक्षण मात्र आकसत जाते. हप्तावाढीची चर्चा करताना हा दुसरा, न दिसणारा भार सहसा विसरला जातो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. म्हणजे सात पटींचे अंतर. दाखल होण्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ५५ टक्के प्रसंग खासगी रुग्णालयांतील होते. त्याच पाहणीत ग्रामीण भागात १४ आणि शहरी भागात १९ टक्के लोकांनाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे आरोग्य विमा संरक्षण असल्याचे आढळले होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले आहे; पण खासगी रुग्णालयाकडील ओढा कमी झालेला नाही.

रुग्णालयातील दर ठरविण्याची आपल्याकडची पद्धत हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. एकाच शस्त्रक्रियेचा दर खोलीच्या दर्जानुसार बदलतो. सर्वसाधारण कक्षातील आणि स्वतंत्र खोलीतील रुग्णाच्या अपेंडिक्समध्ये काही फरक नसतो, तरीही शल्यविशारदाचे शुल्क वेगळे असते. रुग्णाला विमा आहे की नाही, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारला जातो आणि उत्तर ‘आहे’ असे आले की चाचण्यांची यादी लांबते, असा अनेकांचा अनुभव आहे. बिल दुसरा कोणी भरणार म्हटल्यावर रुग्णही विरोध करत नाही. जुलै २०१० मध्ये चार सार्वजनिक विमा कंपन्यांनी महानगरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांतील रोकडरहित सोय एकदम थांबविली, ती याच वादातून. पुढे ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे जाळे उभे राहिले; पण दराचा झगडा तेव्हापासून आजतागायत अधूनमधून डोके वर काढतो आणि त्यात अडकतो तो दारात उभा असलेला रुग्ण.

किमतींवर नियंत्रण आणता येते, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या धमनीत बसविण्याच्या औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. तोवर औषधवेष्टित स्टेंटसाठी रुग्णांना लाखाच्या वर रुपये मोजावे लागत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवरही मर्यादा आली. उपकरणाची किंमत बांधता आली, परंतु रुग्णालयाच्या सेवांचे दर बांधण्याचे काम मात्र अडून राहिले. २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील नियमांत दर जाहीर करण्याची आणि ते ठरावीक पट्ट्यात ठेवण्याची तरतूद आहे. तथापि आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने सर्व राज्यांनी हा कायदा स्वीकारलेला नाही.

कागदावरचे संरक्षण आणि हातात येणारी रक्कम

हप्ता परवडत नाही म्हणून कुटुंबे स्वस्त विमा निवडतात आणि स्वस्ताईची किंमत दाव्याच्या दिवशी कळते. खोलीभाड्याच्या मर्यादेचे उदाहरण घेऊ. तीन लाखांच्या विम्यात खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत देय आहे. रुग्णालयात त्या दराची खोली रिकामी नसते, म्हणून नातेवाईक ५,००० रुपयांची खोली घेतात. त्यांची समजूत अशी की, फरकाचे दोन हजार रुपये रोज आपण भरू. प्रत्यक्षात अशा अटीत कंपनी केवळ भाड्याचाच फरक कापत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा संलग्न खर्चांवरही त्याच प्रमाणात, म्हणजे पाचाला तीन, अशी कपात होते.

पाच दिवसांचे बिल दोन लाख झाले असे समजू: २५ हजार भाडे, दीड लाख संलग्न खर्च आणि २५ हजारांची औषधे. भाड्यापैकी १५ हजार, संलग्न खर्चापैकी ९० हजार आणि औषधांचे पूर्ण २५ हजार, असे १ लाख ३० हजार रुपये मंजूर होतात. विमा रक्कम तीन लाख असूनही कुटुंबाला ७० हजार रुपये स्वतः भरावे लागतात. रोजच्या दोन हजारांच्या फरकाचे पाच दिवसांत दहा हजार व्हायला हवेत, त्याचे सत्तर हजार झाले. औषधे, रोपणे आणि चाचण्या यांवर अशी कपात करता येणार नाही, असे प्राधिकरणाने २०२० पासून स्पष्ट केले, म्हणून निदान एवढे तरी. त्यापूर्वी कपात याहूनही मोठी होऊ शकत असे. विमा घेताना हप्त्याचा आकडा पाहिला जातो. खोलीभाड्याची ओळ कोणी वाचत नाही, आणि ती वाचली तरी तिचा हा अर्थ त्यातून उमगणे कठीणच.

शिवाय भारतीय कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चाचा मोठा हिस्सा बाह्यरुग्ण उपचार आणि औषधांवर होतो. मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे महिन्यामागून महिने घ्यावी लागतात. रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडणारा विमा या खर्चाला स्पर्शही करत नाही.

कर, सवलती आणि नियमन

हप्त्यावरील कराचा भार बरीच वर्षे वाढत गेला. सेवाकराच्या जागी १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि आरोग्य विम्यावर तो १८ टक्के होता. आजारपणाची तरतूद करण्यावर इतका कर असावा का, हा प्रश्न संसदेत आणि संसदेबाहेर सतत विचारला गेला. अखेर वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याला करमुक्त करण्याचा निर्णय घेतला आणि तो २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. २०,००० रुपयांच्या मूळ हप्त्यावर पूर्वी २३,६०० रुपये भरावे लागत, ते ३,६०० रुपये वाचले. फॅमिली फ्लोटर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या विम्यालाही ही सूट मिळाली.

परंतु दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. सूट मिळाल्यामुळे कंपन्यांना त्यांच्या स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. तो बोजा मूळ हप्त्यात किंवा दलालीत कोठेतरी उतरणार. आणि सामूहिक विमा या सुटीच्या बाहेर राहिला. अनेक आस्थापना आता कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांचा हप्ता कर्मचाऱ्याकडूनच वसूल करतात. तो सामूहिक विम्याचा भाग असल्याने त्यावर १८ टक्के कर लागतो. एकाच घरातील दोन हप्त्यांपैकी एक करमुक्त आणि दुसरा करपात्र, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली आहे.

आयकरातील सवलतीचेही असेच. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या आई-वडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून जी नवी प्रणाली मूळ मानली जाऊ लागली, तीत ही वजावट नाही. नवी प्रणाली निवडणाऱ्या नोकरदाराला हप्ता पूर्ण आपल्याच पैशांतून भरावा लागतो.

नियामक प्राधिकरणाने अलीकडील वर्षांत ग्राहकाच्या बाजूने काही चांगली पावले टाकली, हे मान्य करायला हवे. २०२४ मध्ये पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. रोकडरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये साठ वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता प्राधिकरणाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढविण्यास मनाई झाली. पंचावन्न वर्षांच्या नोकरदाराला मात्र असे कोणतेही कवच नाही. २०२२ पासून कंपन्यांना नवी उत्पादने आधी बाजारात आणून मग प्राधिकरणाकडे दाखल करण्याची मुभा मिळाली आहे. त्यातून विम्याचे प्रकार वाढले आणि त्यांची आपसांत तुलना करणे सामान्य ग्राहकाला आणखी अवघड झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शासकीय योजनांची व्याप्ती

गरीब कुटुंबांसाठीच्या योजनांचा प्रवास २००३ च्या सार्वत्रिक आरोग्य विमा योजनेपासून आणि २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेपासून सुरू होतो. दोहोंचे संरक्षण ३०,००० रुपयांचे होते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झालेल्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने ते कुटुंबामागे पाच लाखांवर नेले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, या योजनेत स्थान मिळाले. नोकरदार कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण बाजारात ज्यांचा विमा सर्वांत महाग, तेच सदस्य आता सार्वजनिक योजनेत येतात. आमच्या उदाहरणातील पर्यवेक्षकाचे आई-वडील मात्र साठ ते सत्तरच्या मधल्या दहा वर्षांत अडकले आहेत.

काही राज्यांनी मधल्या वर्गाचा स्वतंत्र विचार केला. राजस्थानने २०२१ मध्ये निःशुल्क गटात न बसणाऱ्या कुटुंबांना वर्षाला ८५० रुपये भरून पाच लाखांच्या योजनेत येण्याची सोय दिली. गोव्यात २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नाची अट न घालता रहिवाशांसाठी खुली होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व नागरिकांसाठी विस्तारण्याचा आणि संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. कार्ड हाती असले तरी जवळच्या रुग्णालयाने योजनेचे दर स्वीकारलेले असतातच असे नाही, ही अडचण सर्वत्र आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातील वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट लक्षणीय आहे. शासनाचा आरोग्यावरील खर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. शासकीय रुग्णालय चांगले चालत असेल, तर त्या परिसरात खासगी रुग्णालयालाही दर मनमानी वाढविता येत नाहीत आणि पर्यायाने विम्याचा हप्ताही आटोक्यात राहतो. विम्याच्या चर्चेत रुग्णालयांचा विषय येतो तो यासाठी.

वेतनमर्यादेचा प्रश्न

कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा प्रारंभी ४०० रुपये होती. १९९७ मध्ये ती ६,५०० झाली, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ मध्ये २१,०००. दोन वाढींमधील अंतर कधी दोन वर्षांचे, कधी सात वर्षांचे. या मधल्या काळात वेतने मात्र दरवर्षी थोडी थोडी वाढतात आणि महागाईची भरपाई म्हणून मिळालेली वाढच कामगाराला योजनेबाहेर ढकलते. ही मर्यादा किंमत निर्देशांकाशी जोडली, तर हा प्रकार टळेल. मर्यादा ओलांडणाऱ्याला, मालकाचा व स्वतःचा असे दोन्ही हिस्से भरून का होईना, योजनेत राहण्याचा पर्याय देणे हाही एक मार्ग आहे. दहा हजारांच्या वार्षिक अंशदानात बाजारात जे मिळत नाही ते येथे मिळते. महामंडळाच्या दवाखान्यांतील रांगा, औषधांचा तुटवडा आणि डॉक्टरांची रिक्त पदे यांविषयीच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि अनेक कामगार मर्यादा ओलांडल्याचे दुःख करत नाहीत ते त्यामुळेच. पण पहिले मोठे आजारपण आले की हिशेब बदलतो. वेतनमर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर गेलेल्या काही निवृत्त कामगारांना वैद्यकीय लाभ पुन्हा देण्याचे महामंडळाने २०२४ मध्ये ठरविले, त्यावरून या अडचणीची जाणीव तेथेही आहे असे दिसते.

तोवर आमच्या पर्यवेक्षकापुढे कालगणनेचा एक व्यावहारिक मुद्दा आहे. त्याला जुलैत वाढ मिळाली. योजनेचा अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर असा असल्याने ३० सप्टेंबरपर्यंत त्याच्या वाढीव वेतनातूनही अंशदान कापले जाईल आणि त्या आधारे पुढील वर्षाच्या ३० जूनपर्यंत कुटुंबाला उपचार मिळत राहतील. म्हणजे हातात जवळपास वर्षभराचा अवधी आहे. बाजारातील विम्यात पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर दावे ग्राह्य धरले जात नाहीत आणि आईच्या मधुमेहासारख्या जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. जुनी योजना संपण्याची वाट न पाहता त्याने नवा विमा आताच घेतला, तर प्रतीक्षेचे पहिले वर्ष जुन्या कार्डाच्या आधाराने सरेल. विमा हाती आल्यावर अटी वाचून तो परत करण्यासाठी तीस दिवसांची मुदत मिळते. त्या दिवसांत खोलीभाड्याची ओळ त्याने अवश्य शोधावी. आजार अर्जात लपवू नये, कारण पाच वर्षांच्या आत नाकारल्या जाणाऱ्या दाव्यांत हेच कारण वारंवार पुढे येते. दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी तेथे होते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.